वाहनांची धूळ व वाहनांचा धूर : आंबेनळीच्या वाटेपासून मुंबईच्या रस्त्यांपर्यंत

मार्गांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत पडून गेली आहे. घाट कोणी बांधला, चौकी कोठे होती, जकात कोणाकडे जात होती, कोणते सैन्य त्या वाटेने उतरले, इतके सांगितले म्हणजे त्या घाटाचा इतिहास पुरा झाला असे समजण्यात येते. वाटेवरून जाणाऱ्यांच्या व वाटेकाठी राहणाऱ्यांच्या नाकातोंडांत काय गेले, ह्याचा विचार त्या इतिहासात येत नाही. प्रस्तुत लेखात तो विचार करण्याचे योजिले आहे. विषय वरवर पाहता वैद्यांचा किंवा स्थापत्यकारांचा वाटेल. परंतु त्यात नियम आहेत, निवाडे आहेत, मोजमापे आहेत, आणि ही सर्व इतिहासाचीच साधने होत. शिवाय, वाहनांच्या धुराने जशी माणसाची फुप्फुसे काळवंडतात, तसेच आपल्या संग्रहातील कागदही काळवंडतात. तेव्हा दप्तरे जतन करणाऱ्या वाचकांस हा विषय परका म्हणून बाजूस सारता येणार नाही.

आरंभ शब्दांपासून करणे बरे. संस्कृतात धुळीला रज, रेणु, पांसु, धूलि असे अनेक शब्द असून ते अगदी समानार्थक नाहीत. पांसु म्हणजे जाड, पायाखालची धूळ. रज व रेणु हे शब्द बारीक, उडणाऱ्या कणांकडे झुकतात. ह्याहून सूक्ष्म कणाला त्रसरेणु म्हणतात. जाळीच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली असता तीत जो कण तरंगताना दिसतो, त्याला मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सर्व मापांतील पहिले माप ठरविले आहे. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांचा एक राजसर्षप, ह्या क्रमाने ते परिमाण पुढे सोन्यारुप्याच्या वजनांपर्यंत चढत जाते. वैशेषिकांनी त्याच त्रसरेणूचे आणखी विभाग कल्पून परमाणूपर्यंत मजल नेली. ह्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, व्यवहाराचे माप जेथे डोळ्यास दिसणे संपते तेथेच थांबले. त्याच्या खालचे जग तर्कशास्त्राला सोपविले गेले, न्यायाधीशाला किंवा नगररक्षकाला नव्हे. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचा बहुतेक भाग ह्या एका गोष्टीभोवती फिरतो.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नागरिकाची, म्हणजे नगराधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगितली आहेत. शामशास्त्री ह्यांनी १९०९ मध्ये हा ग्रंथ छापून काढल्यापासून त्यातील राजनीतीवर पुष्कळ लिहिले गेले. रस्त्यांच्या स्वच्छतेच्या कलमांकडे मात्र थोडक्यांचेच लक्ष गेले आहे. रस्त्यावर धूळमाती टाकणाऱ्यास पणाचा आठवा हिस्सा दंड, चिखलपाणी साठवून वाट अडविणाऱ्यास पाव पण, आणि हाच अपराध राजमार्गावर घडल्यास दुप्पट, असा तेथे निर्बंध आहे. ह्या कलमात अपराधी एक असतो, तो हाताने धूळ टाकतो आणि ती टाकताना दिसतो. नुसत्या जाण्यायेण्याने जी धूळ उडते ती कोणाचा अपराध, हा प्रश्न कौटिल्यापुढे उभाच राहिला नाही; बैल व रथ ह्यांच्या काळी तो उभा राहण्याचे कारणही नव्हते. वैद्यकाची दृष्टी याहून व्यापक दिसते. चरकसंहितेत जनपदोद्ध्वंसाचे, म्हणजे सबंध प्रांत उजाड करणाऱ्या रोगांचे, प्रकरण आहे. बिघडलेल्या वायूची लक्षणे सांगताना त्यात वाळू, धूळ, वाफ व धूर ह्यांनी दूषित झालेला वायू मोजला आहे. आणि उचकी व श्वास ह्या विकारांच्या कारणांतही धूळ व धूर ह्यांचा निर्देश आहे. वैद्याला अपराधी शोधावयाचा नव्हता, केवळ कारण शोधावयाचे होते, म्हणून त्याची नजर पुढे गेली.

आता आंबेनळीकडे वळू. महाड व पोलादपूर ह्या बाजूने सह्याद्री चढून महाबळेश्वरी जाण्याचा जो घाट, त्याचे हे नाव. ह्या टापूत आधीची प्रसिद्ध वाट पारची होय. इ. स. १६५९ मध्ये अफजलखानाचे सैन्य वाईहून निघून राडतोंडीच्या घाटाने उतरून पारला आले, हे सर्वश्रुत आहे. सावित्रीच्या मुखाकडून महाडपर्यंत गलबते येत, आणि तेथून मीठ, मासळी, नारळ वर व धान्य, गूळ खाली अशी ने-आण बैलांच्या पाठीवरून होई. लमाणांच्या तांड्याने उडविलेली धूळ काही थोडी नसे. पण ती जड असे. खुराने उडालेला कण मोठा असतो. तो घटकाभरात खाली बसतो, नाकाच्या केसांत अडकतो, पाण्याच्या चुळीने जातो. शिवाय ती धूळ ऋतूची दासी. मृगाचा पहिला पाऊस पडला की घाट धुऊन निघे आणि तांडेही बसत.

पुढे गव्हर्नर फिट्झजेरल्ड ह्यांच्या नावाचा सडकेचा घाट १८७६ मध्ये पुरा झाला आणि आंबेनळीच्या वाटेला चाक आले. आमच्या मते ह्या घाटाच्या इतिहासातील खरी क्रांती हीच होय. त्याच्या नावाचा वाद तीपुढे किरकोळ आहे. खूर दगड तुडवितो, चाक तो दळते. खडीच्या सडकेवर चाक जितके वेगाने फिरेल तितका कण बारीक होतो, आणि जितका कण बारीक तितका तो वाऱ्यावर अधिक काळ राहतो. मोटार आल्यावर हा प्रकार असह्य झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात सडकांवर डांबर ओतण्याची जी चाल निघाली, तिच्या मुळाशी मोटारींच्या धुळीविषयीची ओरड होती. मोनॅको येथे १९०२ मध्ये डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या वैद्याने सडकेवर डांबर घालून धूळ बसविली, त्यावरून लोक त्यांना ‘डांबर वैद्य’ म्हणू लागले. डांबरी सडक ही मुळात एक वैद्यकीय उपाययोजना होती, ही गोष्ट आज डांबराच्या ठेक्यांवरून भांडणाऱ्यांस सांगितली तर पटणार नाही. असो.

डांबराने दिसणारी धूळ बसली. यंत्राच्या नळीतून निघणारी काजळी मात्र डांबराने बसण्यासारखी नव्हती.

आंबेनळीच्या माथ्यावर, महाबळेश्वरास, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ पासून ढगांच्या अभ्यासाची एक प्रयोगशाळा चालविली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर ढग आपण होऊन दारात येतात, म्हणून ही जागा निवडण्यात आली. तेथे हवेतील सूक्ष्म कण मोजण्याचे कारण असे की ढगाचा प्रत्येक थेंब कोणत्या तरी कणाभोवतीच बांधला जातो. दिवस तापू लागला की दऱ्यांतील हवा डोंगराच्या अंगाने वर चढते आणि खालचे कण बरोबर आणते. रात्री ती उलट उतरते. घाटातून जाणारा वाटसरू ज्याला निर्मळ पहाडी वारा म्हणतो, त्यात खालच्या चुलींचा, वणव्यांचा, सडकांचा अंश असतो. तथापि आंबेनळीसारख्या घाटात रहदारी सणासुदीला व सुटीच्या दिवशी दाटते, एरवी विरळ असते. आणि ती दाटते तीही मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्यांनी. धूर येथे पाहुणा असून त्याचे घर त्या शहरांत आहे. सबब त्याचा इतिहास तेथील कागदांवरूनच लिहावा लागतो.

मुंबईचा क्रम मोठा विलक्षण आहे. तेथे ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. तिला लागणारी वीज आरंभी कोळशावर होत असे, म्हणजे धूर रस्त्यावरून उचलून वीजघराच्या धुराड्यात नेऊन ठेवला होता, इतकाच फरक. पुढे १९१५ मध्ये, आमच्याच जिल्ह्यातील खोपोली येथे, टाटांचे पाण्यावर चालणारे वीजघर सुरू झाले आणि मुंबईला धुरावाचूनची वीज मिळू लागली. १५ जुलै १९२६ रोजी पहिली मोटारबस रस्त्यावर आली. नंतर काय घडले ते पाहावे. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली आणि रूळ उखडले गेले. तारेवरून वीज घेऊन चालणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये आणली ती १९७१ मध्ये बंद केली. ह्याप्रमाणे सात वर्षांच्या अवधीत शहराने आपली बिनधुराची दोन्ही सार्वजनिक रस्तावाहने टाकून दिली आणि रस्ता डिझेलच्या स्वाधीन केला. ट्राम हळू चालते, रस्ता अडविते, ही त्या वेळची तक्रार खरी होती. पण धूर हा त्या हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात नव्हता. २०२३ मध्ये बेस्टने विजेवर चालणारी दुमजली बस मोठ्या समारंभाने आणली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला डिझेलची शेवटची दुमजली बस निरोप घेऊन गेली. ज्या गोष्टीचे स्वागत झाले ती नवी नसून दीर्घ खंडानंतर परत आलेली होती, असे इतिहासाच्या अभ्यासकाने म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

कायद्याची कथाही अशीच शिकण्याजोगी आहे. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविषयीचा कायदा १९१२ मध्ये झाला. बंगालात तसा कायदा १९०५ मध्येच झालेला होता. दोहोंचा रोख भट्ट्या व धुराडी ह्यांवर होता. गिरण्यांच्या मुंबईत ते साहजिकच म्हटले पाहिजे. धुराड्याचा धूर मोजण्याची जी रीत जगभर रूढ झाली ती फ्रेंच प्राध्यापक रिंगेलमान ह्यांनी १८८८ मध्ये काढलेली होती : पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या कमीअधिक दाट जाळ्या छापावयाच्या, तो कागद दूर धरावयाचा, आणि धुराड्यातून निघणारा धूर कोणत्या जाळीइतका काळा दिसतो ते डोळ्यांनी ठरवावयाचे. साधी, स्वस्त आणि न्यायालयात टिकणारी रीत. मात्र जो धूर काळा दिसत नाही तो ह्या रीतीने निर्दोष ठरतो. कौटिल्याचा पणाचा आठवा हिस्सा आणि रिंगेलमानचा कागद ह्यांत दोन हजार वर्षांचे अंतर असले तरी दोहोंचा साक्षीदार एकच, तो म्हणजे डोळा.

वाहनांच्या धुराला कायद्याची मोजणी लागली ती फार उशिरा. हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९८१ चा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे असून त्यांतील ११५ व्या नियमाने नळीतून काय व किती निघावे ह्याची मर्यादा घातली. पेट्रोलच्या गाडीत कर्बवायूचे प्रमाण पाहावयाचे, आणि डिझेलच्या गाडीत धुराची अपारदर्शकता, म्हणजे धुरातून प्रकाश किती अडतो हे यंत्राने पाहावयाचे. गाडीवाल्याजवळ पीयूसी म्हणून जो दाखला असतो तो ह्या तपासणीचा. यंत्र आले खरे, पण ते पुन्हा एक प्रकारचा डोळाच होय. प्रकाश अडविण्याइतका दाट धूर त्याला दिसतो. अतिसूक्ष्म कण कितीही असंख्य असले तरी ते ह्या तपासणीत मोजले जात नाहीत.

ह्या मधल्या काळात वैद्य पुढे गेलेच होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७७ पासून शहराच्या निरनिराळ्या भागांतील चार हजारांहून अधिक माणसांची तपासणी करून हवेतील दोष व छातीचे विकार ह्यांचा संबंध जोडून दाखविला. भारतातील ह्या विषयाच्या इतिहासात त्या कामास अग्रस्थान देणे योग्य होईल. अमेरिकेत १९९३ मध्ये सहा शहरांच्या अभ्यासाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ८,१११ माणसांचा चौदा ते सोळा वर्षे मागोवा घेऊन त्यात असे दाखविले की, ज्या शहरात सूक्ष्म कण अधिक तेथे मृत्यूचे प्रमाण अधिक. त्यानंतर मोजमापाचे लक्ष जाड धुळीवरून बारीक कणांकडे वळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जून २०१२ मध्ये निश्चित केले, आणि पुढल्याच वर्षी बाहेरील दूषित हवा व तीतील कण ह्यांस त्याच वर्गात घातले.

आपल्याकडील मानके ह्या वळणाची साक्ष देतात. १९८२ व १९९४ च्या मानकांत ‘तरंगते कण’ असा सरसकट वर्ग होता. औद्योगिक भागास वर्षाची सरासरी दर घनमीटर ३६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल, वस्तीस १४०, नाजूक भागास ७०, अशी १९९४ ची वाटणी होती. जणू गिरणगावातील मजुराची छाती मलबार हिलच्या छातीहून अडीचपट मजबूत असावी! त्याच वर्षी दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा निराळा विचार सुरू झाला. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांस, ज्यांस पीएम २.५ म्हणतात, राष्ट्रीय मानकात स्थान मिळाले ते नोव्हेंबर २००९ मध्ये. वर्षाची सरासरी ४०, दिवसाची ६०. औद्योगिक व वस्तीचा हा भेदही तेव्हाच गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची शिफारस ५ वर आणली आहे. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो हे ध्यानी घेतले म्हणजे अडीच मायक्रॉन म्हणजे काय ह्याची कल्पना येईल. असा कण नाकात अडकत नाही, घशात थांबत नाही, फुप्फुसाच्या शेवटच्या पुटांपर्यंत पोहोचतो, आणि त्याहून बारीक असलेले रक्तातही उतरतात. मनूच्या पहिल्या मापाच्या खालचे जे जग तर्काला सोपविले होते, ते २००९ मध्ये राजपत्रात आले.

न्यायालयाचा भाग येथे विसरता येत नाही. १९९९ मध्ये धुराने त्रस्त झालेल्या रहिवाशांच्या मंडळाने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला; न्यायालयाच्या आदेशावरून तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि पुढील आदेशांनी जुन्या टॅक्सींना एक तर रस्ता सोडावा लागला किंवा सीएनजी घ्यावा लागला. शिशाचे पेट्रोल देशभर फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चाले, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. भारत स्टेज सहाच्या इंधनात, जे १ एप्रिल २०२० पासून सर्व देशाला लागू आहे, ते दहा लाखांत दहा भाग आहे. हजारपट घट झाली, आणि तिचे श्रेय देण्यात कृपणता करू नये. नव्या डिझेल गाड्यांस नळीत गाळणी लागली, आणि तयार होतेवेळी त्यांतून निघणाऱ्या कणांची संख्या मोजण्याचाही नियम झाला. असे असूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला मुंबईच्या हवेची दखल आपण होऊन घ्यावी लागली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या आदेशामागोमाग राज्य शासनाने पेट्रोल-डिझेलची वाहने शहरातून टप्प्याटप्प्याने काढता येतील काय, हे पाहण्यास समिती नेमली.

येथे एक आक्षेप नेहमी घेण्यात येतो, आणि तो जाणत्यांकडून येत असल्यामुळे त्याला उत्तर देणे प्राप्त आहे. आक्षेप असा की, शहरांतील बहुतेक धूळ ही नळीतली नसून रस्त्याची, बांधकामाची व मातीची आहे, मग वाहनांना दोष का द्यावा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये सहा शहरांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात मुंबई व पुणे ही दोन्ही होती. त्यावरून आक्षेपाचा अर्धा भाग खरा ठरतो : दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांत रस्त्यावरून पुन्हा उडालेल्या धुळीचा वाटा मोठा आहे. पण ती धूळ आपण होऊन उडत नाही, चाकाने उडते. तीत डांबराचा चुरा, टायरचा झिजलेला रबर व ब्रेकची धातुमय भुकटी मिसळलेली असते. आणि कण जसजसा बारीक घ्यावा तसतसा यंत्रात जळालेल्या इंधनाचा वाटा वाढत जातो. तेव्हा धूळ व धूर ह्यांना दोन वादींसारखे समोरासमोर उभे करून एकाची सुटका करण्यात अर्थ नाही. विजेच्या गाडीनेही चाकाची धूळ राहीलच, हेही ओघाने आले.

आता कागदांविषयी. पुण्यास २०१८ मध्ये नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे जाहीर झाले. त्याच शहरात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१७ चे भांडारकर प्राच्यविद्या मंदिर आहे. ही स्थळे निवडली गेली तेव्हा त्यांच्या दारांवरून टांगे जात होते. पुण्याभोवती टेकड्या आहेत. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा खाली व उबदार हवा वर अशी उलट रचना होऊन धूर जमिनीलगत कोंडतो. उघड्या खिडकीच्या दालनात बारीक कणांचे प्रमाण बाहेरच्याहून फारसे कमी राहत नाही. जाड धूळ फडताळाच्या वरच्या फळीवर बसते आणि फडक्याने जाते. बारीक काजळी उभ्या भिंतीवरही चिकटते, रुमालाच्या विणीतून आत शिरते आणि कागदाच्या कडांवर बसते. ती तेलकट असून गंधकाची आम्ले धरून ठेवते. आम्लाने कागदाचे तंतू तुटतात. घडीवर कागद चिरतो तो पुष्कळदा ह्यामुळे. जुना चिंध्यांचा, खळ देऊन घोटलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद हा मारा बराच सोसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गिरणीचा कागद मुळातच आम्लयुक्त असल्याने तो आधी जातो. संग्राहक मात्र पेशवाईच्या कागदाला जपतो आणि १८९० च्या वहीकडे दुर्लक्ष करतो. हा क्रम उलटा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्यात एक विचित्र योग आहे. आपली मोडी व बाळबोध अक्षरे ज्या शाईने लिहिली, तिचा मुख्य घटक काजळच. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी डिंकात खलून शाई करीत. ती शेकडो वर्षे फिकी पडत नाही, कारण कर्ब सहसा विरत नाही. मोटारीच्या नळीतून येते तोही मुख्यत्वे कर्बच. म्हणून पानावर बसलेली शहरी काजळी काढू गेल्यास अक्षरही निघू लागते. ओल्या फडक्याने पुसावे तर डिंक विरघळून शाई पसरते. खोडरबराने घासावे तर तिच्याबरोबर रेघ उठते. लेखनाला जे द्रव्य टिकाऊपण देते तेच द्रव्य बाहेरून आले असता त्याला निराळे काढता येत नाही. ह्या कारणाने आधी बसू न देणे हाच काय तो उपाय उरतो.

आमच्या भागातील जुन्या घराण्यांपुढे सध्या हा प्रश्न प्रत्यक्ष आहे. पोलादपुरास शिवभारतकार कवींद्र परमानंद ह्यांची समाधी दाखवितात. त्यांच्या ग्रंथाची प्रत मात्र दूर तंजावरास टिकली, आणि तीवरून स. म. दिवेकर ह्यांनी १९२७ मध्ये तो छापून काढला. ग्रंथ जेथे जन्मतो तेथेच टिकतो असे नाही, ह्याचे याहून चांगले उदाहरण नको. जुलै २०२१ च्या प्रलयात महाड पाण्याखाली गेले, तळिये येथे डोंगर खचला, आंबेनळीचा घाट दरडींनी बंद पडला. त्यानंतर पुष्कळांनी आम्हांस विचारले की दप्तरे आता पुण्या-मुंबईस द्यावी काय. पाणी एका रात्रीत नेते, वाळवी एका पावसाळ्यात नेते. त्यांपुढे काजळी मंद शत्रू आहे. तेव्हा द्यावी, असेच आम्ही सांगतो. पण देताना संस्थेच्या कीर्तीबरोबर खोलीही पाहावी. रस्त्याकडील खिडकीचे दालन असेल तर आतल्या चौकाकडील मागावे. पहाटे व संध्याकाळी गर्दीच्या वेळी रस्त्याची दारे मिटलेली असतात काय ते विचारावे. रुमाल उघड्या फळीवर ठेवतात की झाकणाच्या पेटीत, हे देणगीपत्रातच लिहून घ्यावे. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनाची सिद्धता किती बारकाईने सांगितली आहे ते ज्यांनी पाहिले असेल, त्यांस ही कुरकुर वाटणार नाही.

खारव्याच्या बस्त्याविषयी एक सूचना आहे. बाहेरचे फडके काळे झाले की ते धुऊन पुन्हा घालण्याची किंवा फेकण्याची चाल बहुतेक ठिकाणी आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या, मोठ्या रस्त्यावरील एका घरातील बस्त्यांवर रस्त्याकडील बाजू व भिंतीकडील बाजू ह्यांत रंगाचा स्पष्ट भेद होता. बाहेरची घडी काळपट, आतली अद्याप लाल. हवा मोजणारे यंत्र तरी दुसरे काय करते? ते पांढऱ्या गाळणीतून हवा ओढते आणि गाळणीचे आधीचे व नंतरचे वजन पाहते. तरी ज्यांच्याकडे असे बस्ते आहेत त्यांनी फडके बदलावयाचे झाल्यास जुने न धुता, घडी तशीच ठेवून, कागदी पाकिटात घालावे. पाकिटावर ते केव्हा घातले, केव्हा काढले, कोणत्या दालनात कोणत्या बाजूस होते एवढे लिहावे, आणि नव्या बस्त्याच्या यादीत त्याचा अनुक्रमांक द्यावा.